नोंद चौथी: ‘हायडेलबर्ग’चा कोळसा आणि फिरणारी तोफ

मागच्या नोंदीत माझ्या कागदावरच्या युद्धनौकेचा, ‘हायडेलबर्ग’चा, आठ तोफांचा आराखडा दाखवला होता, तो मी रद्द केलाय. स्प्रिंगशार्प या जहाजांचे आराखडे तपासणाऱ्या संगणक प्रोग्राममध्ये १५ सेंटीमीटरच्या आठ तोफा टाकल्या की सांगाड्याच्या एकूण ताकदीचा आकडा १.०४ वरून ०.९३ वर येतो. हा आकडा १ च्या खाली गेला की ते जहाज बांधण्याजोगं नाही, हे आपण सगळे मानतो. तोफा राखायच्या तर कोळसा कमी करावा लागत होता आणि तो मला एक टनही कमी करायचा नव्हता. म्हणून आता सहा तोफा.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. ‘हायडेलबर्ग’ हे प्रत्यक्षात कधीच नसलेलं जहाज. कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, नौदलात हलक्या क्रूझरना (वेगवान, मध्यम आकाराच्या युद्धनौकांना) शहरांची नावं देत, म्हणून हे नाव. साल १९१०, नेमणूक चीनमधल्या चिंगताओच्या पूर्व आशियाई ताफ्यात. त्या काळी जर्मनी हलकी क्रूझर एकाच साच्याची बांधत असे. तीच मुख्य ताफ्यापुढे टेहळणीला आणि तीच दूरच्या वसाहतींकडे. टेहळणी करायला आणि टॉर्पेडो बोटी हुसकावायला भराभर मारा करणारी १०.५ सेंमी तोफ अगदी योग्य होती. पण तळापासून हजारो मैलांवर एकट्याने फिरणाऱ्या जहाजाला ती पुरेल का? माझा सगळा खटाटोप या एका प्रश्नापायी आहे.

हा प्रश्न पहिल्यांदा मनात आला तो चेन्नईत. हायकोर्टाच्या आवाराच्या भिंतीपाशी ‘एमडन’ या जर्मन युद्धनौकेच्या हल्ल्याची आठवण सांगणारी पाटी आहे. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री या छोट्या क्रूझरने मद्रास बंदरावर तोफा डागल्या आणि तेलाच्या टाक्या पेटवल्या. पुढे सातच आठवड्यांनी, ९ नोव्हेंबरला, कोकोस बेटांजवळ ऑस्ट्रेलियाच्या ‘सिडनी’ या क्रूझरने तिला गाठलं. दोन्ही जहाजांना एका बाजूने पाचच तोफा वापरता येत होत्या. पण एमडनचा गोळा साधारण १७ किलोचा, तर सिडनीचा ४५ किलोचा. म्हणजे एका फेरीत इकडून ८७ किलो, तिकडून २२६ किलो. एमडनच्या गोलंदाजांनी सुरुवातीला अचूक मारा केला, सिडनीवर गोळे लागलेही. तरी या वजनापुढे ते काय करणार?

माझी मांडणी अशी: एक तोफ पुढे, एक मागे, दोन्ही मध्यरेषेवर, आणि मधल्या भागात दोन्ही बाजूंना दोन-दोन. एका बाजूने चार तोफा म्हणजे १८१ किलो. सिडनीपेक्षा कमीच, पण एमडनच्या दुपटीहून जास्त.

इथे माझा नियम पुन्हा सांगतो. १९१४ चं शहाणपण १९१० च्या आराखड्यात घुसवायचं नाही. जे काही घ्यायचं त्याचं कारण तेव्हाच्या माणसाला माहीत असलेलं हवं. १५ सेंमी तोफेला ते कारण आहे: ब्रिटिशांनी १९०९ मध्ये ब्रिस्टल वर्गाच्या क्रूझर बांधायला घेतल्या, त्यांच्यावर सहा इंची (साधारण १५ सेंमी) तोफा दोनच होत्या. लगेच पुढच्या वेमथ वर्गावर आठ आल्या. हे बर्लिनमध्ये बसलेल्या माणसाला दिसत होतं.

आता कोळसा. एमडनमध्ये जास्तीत जास्त ८६० टन मावायचा आणि त्यावर १२ नॉट (तासाला १२ सागरी मैल) वेगाने ३,७६० सागरी मैल जाता यायचं. भागाकार केला की दिवसाला ६६ टन, म्हणजे १३ दिवस. मला ११५० टन हवा होता. तेव्हा पल्ला ५,००० मैलांच्या आसपास जातो. जादा २९० टनांना साधारण ३६० घनमीटर जागा लागते. त्यासाठी लांबी १२५ मीटर आणि रुंदी १३.८ मीटर केली. वजन ४,२३० टनांवर गेलं. इंजिन मात्र मुद्दाम पिस्टनचं ठेवलं. टर्बाइनने वेग वाढला असता, पण ते सावकाश चालताना कोळसा फार खातं आणि या जहाजाचं निम्मं आयुष्य सावकाश चालण्यातच जाणार. वेग २४ नॉट. ज्यांना २७ हवेत त्यांचं म्हणणं मला कळतं, पण ते जहाज वेगळं.

बंकर, म्हणजे कोळशाच्या खोल्या, काढून झाले आणि मी कागद शेजारच्या काकांना दाखवला. ते मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनिअर होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “बंकर झकास काढलेस रे. पण कोळसा आत जाणार कुठून?”

मी डेकवर एकही तोंड काढलं नव्हतं!

“आणि आत गेलेला कोळसा भट्टीपर्यंत कोण नेणार? लांबच्या बंकरातून टोपल्यांनी वाहायचा झाला तर तुझी अर्धी माणसं हमाल होतील,” काका म्हणाले.

एमडनवर मालवाहू जहाज बाजूला लावून, भर समुद्रात गोणी न् टोपल्यांनी कोळसा चढवत, डेकवरसुद्धा ढीग रचत. हे मी कितीदा वाचलंय, पण रेघ ओढताना लक्षात आलं नाही. मग बंकर बॉयलरखोल्यांच्या दोन्ही कडांना ओढून घेतले आणि प्रत्येकाला डेकवर दोन गोल तोंडं दिली. ती मुख्यतः धुरांड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आली.

तिथेच पुढची गाठ बसली. माझं चित्र १:२०० प्रमाणात आहे, जहाज कागदावर साडेबासष्ट सेंटीमीटर. १५ सेंमी तोफेची नळी ६.७ मीटर, म्हणजे कागदावर साडेतीन सेंटीमीटरला जरा कमी. पुठ्ठ्याची तेवढी तोफ कापली, टाचणीने डेकवर टोचली आणि फिरवून बघितली. टाचणी कडेपासून १.८ मीटर आत. तिथून मध्यरेषा ५.१ मीटर, त्यातले २ मीटर धुरांड्याखालच्या भिंतीने खाल्लेले. उरले ३.१. तोफेचं मागचं टोक आणि त्यामागे गोळा हातात घेऊन उभा राहणारा माणूस यांना ४ तरी हवेत. तोफ बाहेर वळवली की तो माणूस भिंतीला टेकतो, त्याला गोळा आत सारताच येत नाही. चित्रात हे दिसत नव्हतं, पुठ्ठा फिरवल्यावर दोन सेकंदांत दिसलं. तुम्ही कुणी असे आराखडे करत असाल तर पुठ्ठ्याच्या तोफा जरूर कापा.

तोफा दोन धुरांड्यांमधल्या मोकळ्या जागेसमोर सरकवल्या, तर कोळशाची तोंडं नेमकी त्यांच्या पायाखाली. तीन रविवार यात गेले. शेवटी तोंडं पुढे-मागे अडीच मीटर सरकवली आणि त्यांना डेकशी सपाट बसणारी झाकणं दिली. झाकण बंद असताना गोलंदाज त्यावर उभा राहू शकतो.

चिलखताबद्दल बरंच विचारलं गेलंय. १९१० मध्येच सुरू झालेल्या माग्देबुर्ग वर्गाला पाण्याच्या रेषेवर ६० मिलिमीटरचा पट्टा होता. मी तो घेतला नाही. ८५ मीटर लांब, अडीच मीटर उंच, दोन्ही बाजूंना, असा पट्टा मोजला तर २०० टन होतात. म्हणजे तीन दिवसांचा कोळसा. त्याऐवजी आत उतरत्या कडांचं चिलखती डेक आणि त्यावर कडेचे बंकर. कोळसा जळत जाईल तसं हे संरक्षण ओसरत जातं, हा त्यातला खरा तोटा आणि तो मी मान्य करतो.

वाचलेल्या वजनातले काही टन मात्र तोफांच्या ढालींवर आणि सुकाणूवर खर्च केलेत. १९०४ मध्ये कोरियाच्या चेमुल्पो बंदराबाहेर रशियाच्या वार्याग या क्रूझरचं जे झालं ते सगळ्या जगाने पाहिलं होतं. तोफांना ढाली नव्हत्या, उघड्या डेकवरची माणसं टिपली गेली, सुकाणू निकामी झालं. एमडनचं तेच झालं. धुरांडी आणि पुढची डोलकाठी कोसळली, सुकाणू गेलं, तोफांपाशी माणसं उरली नाहीत आणि कॅप्टन फॉन म्यूलरने जहाज नॉर्थ कीलिंग बेटाच्या खडकांवर चढवलं. पाण्याच्या रेषेवरच्या पट्ट्याने तिथे फारसा फरक पडला नसता. म्हणून ‘हायडेलबर्ग’च्या ढाली बाजूंनी मागेपर्यंत वळवलेल्या आहेत, हुकूम पोहोचवणाऱ्या नळ्या चिलखती डेकखालून नेल्यात आणि सुकाणूला हाताने चालवायची दुसरी जागा मागे, खाली, दिली आहे.

ताकदीचा आकडा सध्या १.०१. एवढ्याशा फरकावर मी खूश आहे.

अडलंय ते मागच्या टोकाला. मागच्या तोफेचं दारूगोळ्याचं कोठार आणि सुकाणूची ती दुसरी खोली एकाच चार मीटरांत बसवायची आहे. कोठार पुढे सरकवलं तर इंजिनखोलीच्या गरम भिंतीला चिकटतं. खोली मागे नेली तर तिथे जहाज इतकं निमुळतं होतं की चाकावर दोन माणसं समोरासमोर उभी राहू शकत नाहीत. या रविवारी त्या जागेचं १:५० चं वेगळं चित्र काढायला घेतोय, पुठ्ठ्याची दोन माणसं कापून.