शुल्क माफ झाले. आता मुलीने राहायचे कुठे?

८ जुलै २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने काढलेल्या निर्णयाने, वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ केले. आधी ही सवलत निम्मीच होती. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी शिष्यवृत्ती व फ्रीशिप, म्हणजे शुल्कमाफी, पूर्वीपासून होतीच. अभियांत्रिकी किंवा औषधनिर्माणशास्त्राच्या शुल्काचा आकडा ऐकूनच ज्या घरांत विषय संपत असे, त्या घरांत आता निदान पुढचे बोलणे सुरू होते, आणि ही काही लहान गोष्ट नव्हे. या निर्णयाचे मी मनापासून स्वागत केले होते, आजही करते.

परंतु तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शिकवताना दर प्रवेशाच्या हंगामात जे पाहते, त्यावरून माझे मत असे झाले आहे की गरीब घरातील मुलीचे उच्च शिक्षण शुल्कावर जितके अडते, त्याहून अधिक ते राहण्याच्या सोयीवर अडते. शुल्क हा खर्चातला सर्वांत ठळक आकडा असल्यामुळे घोषणा त्याची होते. मुलीचे शिक्षण सुटते ते मात्र खोलीचे भाडे, मेसचे पैसे आणि शेवटची एसटी यांच्यापायी.

या माफीला काही मर्यादा आहेत, त्या आधी सांगते, कारण पालकांना त्या बहुधा प्रवेश झाल्यावर कळतात. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे सगळे ज्याला नुसते ‘कॅप’ म्हणतात तिच्यातून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली तर माफी नाही. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठे यातून वगळलेली आहेत. माफी केवळ शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची असल्यामुळे बाकीच्या नावांनी जे आकारले जाते ते भरावेच लागते. ‘सगळे फुकट आहे’ असे ऐकून आलेल्या बापाला खिडकीवर पावती फाडावी लागते, तेव्हा त्याचा विश्वास तिथेच डळमळतो आणि पुढचे सगळे बोलणे अवघड होऊन बसते.

राहण्याची सोय आधी आणि शिक्षण नंतर, हा क्रम आपल्याकडच्या जुन्या मंडळींना नेमका ठाऊक होता. धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले ते १९१६ मध्ये. पण विधवा व निराधार मुलींसाठी आश्रम त्यांनी १८९६ मध्येच काढला होता. मुलीला सुरक्षित छप्पर आणि दोन वेळचे जेवण देणारी जागा विद्यापीठाच्या वीस वर्षे आधी उभी राहिली, याचा अर्थ मला फार महत्त्वाचा वाटतो. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून एकेका समाजासाठी वसतिगृहे काढण्याचा सपाटा लावला, तोही याच जाणिवेतून. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगातील मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. शाहू महाराजांची आणि कर्मवीरांची ही सुरुवातीची वसतिगृहे प्रामुख्याने मुलांची होती, हे खरे. म्हणूनच मुलींच्या बाबतीत तेवढे काम अजून करायचे राहिले आहे असे म्हणायला जागा आहे.

अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या अहवालानुसार उच्च शिक्षणातील मुलींचे नोंदणी प्रमाण २८.५ टक्के होते, मुलांपेक्षा किंचित अधिकच. हा आकडा भाषणात टाळ्या मिळवतो. त्याच अहवालात अनुसूचित जमातींच्या मुलींचे प्रमाण मात्र सुमारे २१ टक्के आहे. शिवाय नोंदणी म्हणजे प्रवेश. मधल्या वर्षी वर्गातून नाहीशा झालेल्या मुलीची गोष्ट त्यात कुठून दिसणार?

ती नाहीशी कशी होते, हे एसटीच्या वेळापत्रकात पाहता येते. अहिल्यादेवी होळकर योजनेमुळे मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो. बारावी संपली की ही सवलत संपते आणि मुलगी इतर विद्यार्थ्यांप्रमाणे एक तृतीयांश रक्कम भरून मासिक पास काढते. रक्कम फार मोठी नसते, पण ज्या घरात मजुरी आठवड्याला हातात पडते, तिथे महिन्याच्या आरंभी एकरकमी पैसे काढून देणे ही वेगळीच अडचण असते. त्याहून वाईट म्हणजे वेळ. विज्ञान शाखेची प्रात्यक्षिके दुपारनंतर असतात आणि आडवळणाच्या गावाची शेवटची गाडी पाचच्या सुमारास सुटते. टायट्रेशनचे शेवटचे वाचन घ्यायचे बाकी असताना काही मुली घड्याळाकडे बघत ब्युरेट तशीच स्टँडवर ठेवून वही आवरायला लागतात. जोडीदार मुलगी तिचे वाचन उतरवून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी हिला देते. जर्नल पूर्ण होते, सही मिळते, पण प्रयोग तिच्या हातून झालेला नसतो. अशा मुलींनी विज्ञान सोडून कला शाखा घेतली, तर ‘त्यांना विज्ञान झेपले नाही’ असा शेरा आम्ही प्राध्यापकच मारतो.

मग शहरात पाठवा, असे सांगावे तर पालकांचा प्रश्न तयार असतो. ऊसतोडीला जाणाऱ्या एका गृहस्थांनी मला सरळ विचारले होते, “मॅडम, फी नाही म्हणता ते खरंय, पण आम्ही दिवाळीनंतर कारखान्यावर जाणार ते उन्हाळ्यातच येणार. पोरगी तिकडं एकटी, आम्ही इकडं पाचटाच्या कोपीत. काही झालं तर जायचं कुणी?” या प्रश्नात मुलीच्या शिक्षणाला विरोध नव्हता. आम्ही सुशिक्षित लोक अशा पालकांना मागासलेले ठरवून मोकळे होतो, ते मला पटत नाही. बारावी झालेली मुलगी सहा महिने कोणाच्या भरवशावर ठेवायची, हा त्यांचा हिशेब पक्का असतो आणि त्याचे सर्वांत जवळचे उत्तर म्हणजे लग्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आढळले. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना २०२१ मध्ये मंजूर झाली, तिच्यामागे हेच वास्तव आहे.

वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पर्याय म्हणून शासनाने पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात देण्याच्या योजना आणल्या. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे आणि आता इतर मागास वर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाची आधार योजनाही आहे. स्वाधारमध्ये मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले: भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००. शैक्षणिक वर्ष दहा महिन्यांचे धरले तर निवासाला महिना दोन हजार आणि जेवणाला बत्तीसशे पडतात. पुण्यात शिकलेल्या कोणालाही विचारावे की दोन हजारांत कॉट बेसिसवर, मुलींसाठी, रात्री दार बंद होणारी जागा कुठल्या पेठेत मिळते. तरीही ही रक्कम जूनमध्ये हातात पडली, तर मुली काटकसरीने निभावून नेतील, कारण काटकसर त्यांना शिकवावी लागत नाही. अडचण अशी की घरमालक अनामत जुलैत मागतो, मेसवाल्या काकू आगाऊ पैसे घेतात आणि योजनेचा हप्ता कधी पुढच्या वर्षीही पडतो. मधल्या काळात पैसे आणायचे ते उसने, बचत गटाकडून, नाहीतर आईच्या कानातले मोडून. वर्षाच्या शेवटी मिळालेल्या साठ हजारांतून कर्ज फिटते. शिक्षण तोवर चालू राहिले असेल तर ते आईच्या कानातल्यांवर.

कागदपत्रांबद्दल थोडे लिहायलाच हवे. प्रवेशाला येणाऱ्या मुलीच्या हातात बटणाची प्लॅस्टिकची फाईल असते आणि तिच्यात तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, बँकेचे पासबुक असे सगळे असते. नसते ते जात पडताळणीचे प्रमाणपत्र, किंवा असते तर त्यातील वडिलांच्या नावाचे स्पेलिंग आधारशी जुळत नाही. मुलांचीही हीच कथा आहे, पण मुलगा मित्राच्या मोटारसायकलवर बसून जिल्ह्याच्या ठिकाणी दोन हेलपाटे घालून येतो. मुलीबरोबर कोणीतरी मोठे माणूस जावे लागते, म्हणजे त्या माणसाची मजुरी बुडते, आणि हेलपाटा रिकामा गेला की त्याचा राग शेवटी तिच्या शिकण्यावर निघतो.

लग्न झाले म्हणजे शिक्षण संपलेच, असे मात्र नाही. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने सासरी गेलेल्या कितीतरी मुलींना पदवीपर्यंत आणले आहे, आणि रविवारच्या संपर्क सत्राला कडेवर मूल घेऊन येणाऱ्या बाईइतके गंभीर विद्यार्थी मी नियमित वर्गात क्वचित पाहिले. परंतु ती दुसरी संधी आहे. पहिली काढून घेण्याचे ते समर्थन होऊ शकत नाही.

माझी मागणी साधी आहे. कॅपमध्ये मुलीला जागा दिली जाते त्याच वेळी वसतिगृहाची जागाही ठरावी. सध्या प्रवेशाच्या फेऱ्या एका विभागाच्या आणि वसतिगृहाच्या याद्या दुसऱ्या विभागाच्या असल्यामुळे, महाविद्यालय निश्चित होते पण राहण्याचा पत्ता नसतो, आणि प्रवेश घ्यायला दिलेले चार दिवस त्या अनिश्चितीत निघून जातात. ज्यांना वसतिगृह मिळणार नाही त्यांचा पहिला हप्ता प्रवेश निश्चित होताच खात्यात पडावा. हिशेब आणि हजेरी पुढच्या हप्त्यांना तपासता येईल.

हे होईपर्यंत पसंतीक्रम भरायला माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी महाविद्यालयाच्या नावाआधी त्या शहरात शासकीय मुलींचे वसतिगृह किती अंतरावर आहे, ते पाहायला लावते. यामुळे चांगले गुण असलेली मुलगी कधी दुसऱ्या पसंतीच्या महाविद्यालयात जाते, आणि ते मला आवडत नाही. पण गेल्या काही वर्षांत नामांकित महाविद्यालयांत प्रवेश घेऊन दिवाळीच्या सुट्टीला घरी आलेल्या आणि परत न गेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. दुसऱ्या पसंतीच्या महाविद्यालयात, पण वसतिगृहात राहिलेल्या मुलींपैकी बहुतेकींच्या पदव्या पूर्ण झाल्या आहेत.