आमची वाटचाल: न्यूट्रलच्या काळ्या लगपासून पुढे

भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात बाबांनी लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसवून बोल्टने आवळायचे तुकडे, बनवायला घेतले, तेव्हा काम सरळ होतं. ॲल्युमिनियमचा पाइप कापायचा, एक टोक प्रेसखाली चपटं करायचं, भोक पाडायचं. मी आल्यावर अगदी बारीक रोध मोजणारा मायक्रो-ओहम मीटर घेतला आणि आता आपल्या मालाला कुणी नावं ठेवणार नाही, असं मला वाटू लागलं.

मग एका ऑफिसच्या पॅनेलमधले न्यूट्रलचे, म्हणजे तिन्ही फेजच्या सामायिक परतीच्या तारेचे, लग काळेठिक्कर होऊन परत आले. गिऱ्हाईक म्हणालं, "तुमचा माल हलका आहे." त्याच लॉटचे उरलेले लग मीटरवर लावले, तर रोध अगदी बरोबर! बाबा टाँग टेस्टर, म्हणजे तारेभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा मीटर, घेऊन जागेवर गेले. फेजचा करंट मर्यादेत दिसला. न्यूट्रलला टाँग लावायचं मात्र कुणालाच सुचलं नव्हतं. तिथे काय असणार?

शेजारच्या पॅनेलवाल्याचा ट्रू आरएमएस मीटर (वेड्यावाकड्या लाटेचाही खरा आकडा दाखवणारा) मागून आणला तेव्हा उलगडा झाला. संगणक आणि यूपीएस करंट झटक्याझटक्याने ओढतात, लाट वेडीवाकडी होते. साधा टाँग टेस्टर अशा लाटेला कमी आकडा दाखवतो. त्या लाटेत मूळ ५० हर्ट्झच्या तिप्पट वेगाची, १५० हर्ट्झची लाटही मिसळलेली असते; तिला तिसरा हार्मोनिक म्हणतात. ५० हर्ट्झचे करंट समतोल असले, तर तीन फेजचे मिळून न्यूट्रलमध्ये शून्य होतात; तिसऱ्याचे तिन्ही मात्र एकाच वेळी येतात आणि त्यांची थेट बेरीज होते. समजा, दर फेजला मूळ करंट १५० अँपिअर आणि तिसरा ६०. फेजमध्ये भरतात साधारण १६२, न्यूट्रलमध्ये १८०. आणि केबल साडेतीन कोर! ९५ चौरस मिमीच्या फेजसोबत ५० चा न्यूट्रल, लगही तेवढाच.

लग आणि तो ज्या पट्टीवर (बसबारवर) आवळतात ती, हे दोन पृष्ठभाग वरून सपाट दिसले तरी टेकतात मोजक्या ठिपक्यांवरच. लग तापला की ॲल्युमिनियम पोलादी बोल्टपेक्षा जास्त फुगतं, बोल्टखाली दबतं, गार झालं की दाब उतरलेला असतो. फटीत ऑक्साइड धरतो, रोध वाढतो, पुढच्या दिवशी लग आणखी तापतो. आमच्या मीटरने मोजला होता कोऱ्या लगचा रोध, तोही डीसीवर.

व्हीएफडीच्या, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणाऱ्या यंत्राच्या, पॅनेलमध्ये मामला वेगळा, तिथे पाचवा आणि सातवा हार्मोनिक. हर्ट्झ वाढले की करंट धातूच्या पृष्ठभागाकडे सरकतो: ५० हर्ट्झचा तांब्यात सुमारे ९ मिमी खोल जातो, पाचव्या हार्मोनिकचा, म्हणजे २५० चा, जेमतेम ४. जाड बसबारच्या सांध्यात कडेच्या ठिपक्यांवर जास्त भार येतो, मधल्यांवर कमी. हेही डीसीच्या मीटरला दिसत नाही.

तेव्हापासून लगसोबत बेलव्हिल वॉशर देतो, कारण तो स्प्रिंगसारखा दाब टिकवतो. डब्यावर टॉर्कचा, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचा, आकडा छापतो. पाना हाताच्या अंदाजाने आवळणारे तो वाचत नाहीत, हेही माहीत आहे. न्यूट्रल पूर्ण मापाचा घ्या, हे सांगताना दोन-चार ऑर्डरी गेल्या.

ऑर्डरच्या कागदावर आता एक प्रश्न असतो: लोड कसला? परवा एक डीलर वैतागून म्हणाला, "लग घ्यायला आलोय हो, पत्रिका जुळवायला नाही." बाबांनी त्याला चहा दिला आणि प्रश्न परत विचारला.