मथानियाची मिरची आणि कापून टाकलेले दुहे

गेली नऊ वर्षे मी उपाहारगृहांसाठी आणि समारंभांसाठी पार्श्वसंगीताच्या प्लेलिस्ट तयार करण्याचे काम करते. त्यातला जोधपूरमधला डिसेंबराचा एक दिवस सविस्तर नोंदवून ठेवावा असे फार दिवस मनात होते.

जुन्या शहरातल्या एका हवेलीच्या गच्चीवर नवे उपाहारगृह सुरू होणार होते. समोर मेहरानगड, ताटात तिखट मारवाडी जेवण आणि या दोहोंना शोभेल असे दोन तासांचे संगीत, एवढी मालकांची अपेक्षा होती. लंगा आणि मांगणियार या पश्चिम राजस्थानातल्या पारंपरिक गायक-वादक समाजांतल्या कलावंतांना मानधन देऊन त्यांनी ध्वनिमुद्रणेही करवून घेतली होती. तिखट म्हणजे वेग, असे मी गृहीत धरले आणि खडताळाची, म्हणजे हातात धरून वाजवायच्या लाकडी पट्ट्यांची, जलद गाणी तेवढी निवडली. एवढ्यावर न थांबता प्रत्येक गाण्याच्या आरंभीचा दुहा मी कापून टाकला. या परंपरेत गायक बहुधा आधी ठेक्याशिवाय, मोकळ्या सुरात दुहा म्हणतो, त्यातून रागाची ओळख करून देतो आणि मगच ढोलक सुरू होते. जेवणाऱ्यांना हा भाग रेंगाळल्यासारखा वाटेल, असे मला वाटले होते.

दुपारी मी स्वयंपाकघरात गेले, तेव्हा खानसामा ‘लाल मांस’ या तिखट मारवाडी मटणाची तयारी करत होते. ओसियांच्या वाटेवरच्या मथानियाहून आलेल्या लांब, गडद लाल मिरच्या बिया काढून कोमट पाण्यात भिजत पडल्या होत्या. त्या वाटून त्यांनी लसणाबरोबर तुपात घातल्या आणि तूप सुटेपर्यंत मंद आचेवर परतत राहिले. एवढा वेळ का, असे मी विचारले. ते म्हणाले, “बाईसा, मिरची घाईने घातली तर नुसती जाळते. तुपात शिजली की मांसात उतरते.” मी मान डोलावली खरी, पण त्या वाक्याचा माझ्या कामाशी काही संबंध असेल, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

संध्याकाळी वीसेक निमंत्रितांसाठी चाचणीचे जेवण होते. पहिल्या मिनिटापासून खडताळ कडाडू लागले. लोक आवाज चढवून बोलू लागले, घास भराभर उचलू लागले, आणि वीस मिनिटांच्या आत एका ज्येष्ठ पाहुण्यांनी संगीत बंद करण्याची विनंती केली. ते बंद झाल्यावर गच्चीवर जी शांतता पसरली, तिच्यात मी स्वतः पहिल्यांदा लक्ष देऊन जेवले. लाल मांसाच्या घासात आधी निखाऱ्यावरच्या लवंगेचा आणि तुपाचा धूर आला, मग दह्याचा आंबटपणा, मग लसूण. तिखट आले ते घास गिळल्यानंतर, आणि हात थांबला तरी ते घशात वाढतच राहिले.

मुळात तिखट ही जिभेची चव नव्हे. मिरचीतले कॅप्सेसिन हे द्रव्य तोंडातल्या ज्या चेताग्राहीला चिकटते, तो एरवी साधारण ४३ अंशांपुढची उष्णता ओळखतो. तो शोधून काढल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. म्हणजे मारवाडच्या उन्हाळ्यातला चटका आणि या मिरचीचा चटका शरीराला एकाच वाटेने कळतात. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून पाण्याने आग शमत नाही, ताकाने शमते. हे सगळे मला वाचून ठाऊक होते, आणि तरीही मी अशी यादी केली होती की तिच्यात चटका चढायला अवधी नव्हता आणि उतरायला ताकही नव्हते.

मला जास्त लागले ते वेगळेच. लोकसंस्कृतीचे अभ्यासक कोमल कोठारी आणि लेखक विजयदान देथा यांनी १९६० मध्ये याच मारवाडातल्या बोरुंदा गावी रूपायन संस्थान उभे केले, आणि कोठारींनी तर या गायकांचे संगीत ध्वनिमुद्रित करून जपण्यात आयुष्य वेचले. त्यांच्याच मुलखात येऊन मी कोणाला न विचारता दुह्यांना कात्री लावली होती.

त्या रात्री गच्चीवर शाल पांघरून मी सगळे दुहे पूर्ववत जोडले. सुरुवातीला फक्त कमायचा हे गजाने वाजवायचे तंतुवाद्य ठेवले. आंब्याच्या लाकडाच्या, कातडे मढवलेल्या त्या गोल पोटातून गज फिरताना जो खर्जातला, किंचित खरखरीत आवाज निघतो, तो ऐकताना घशाला कोरड पडल्याचा भास होतो. त्यामागून मोरचंग हे तोंडाशी धरून वाजवायचे वाद्य घेतले, कारण लोखंडाच्या त्या बारीक पात्याची झिणझिण ओठांवरच्या तिखटाच्या अगदी जवळची आहे. खडताळ चाळिसाव्या मिनिटाला, एका लांब दुह्यानंतर आणले. शेवटची पंचवीस मिनिटे ‘मांड’ या राजस्थानी गायनशैलीला दिली, ठेका जवळजवळ नाहीच.

दुसऱ्या दिवशीच्या चाचणीत तो लांब दुहा सुरू झाला आणि टेबलांवरचे बोलणे हळूहळू खाली आले. त्याच वेळी जिन्यातून लाल मांसाच्या हंड्या वर येऊ लागल्या आणि पहिले वाढप होत असतानाच खडताळ सुरू झाले. ही वेळ कोणी ठरवून दिली, असे मी नंतर खानसामांना विचारले. दुहा खाली स्वयंपाकघरात ऐकू येतो, असे ते म्हणाले. तो सुरू झाला की त्यांनी निखाऱ्यावर तूप सोडले होते आणि झाकण घट्ट लावून हंड्या वर पाठवल्या होत्या.