बेळगावात खोली शोधताना: तीन दिवसांचा वृत्तांत

आमच्या चंदगड तालुक्याला कोल्हापूर लांब आणि बेळगाव जवळ, त्यामुळे भाचीला उद्यमबागेतील अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला. तिच्यासाठी परवडणारी खोली पाहायला आम्ही दोघे ऑगस्टमध्ये, पाऊस अजून जोरात असताना, शिनोळीमार्गे बेळगावला गेलो. मुक्कामाला मध्यवर्ती बसस्थानकाजवळचे साधे लॉज घेतले. खोली प्रत्यक्ष पाहून मगच पैसे दिले, आणि शहरात दोन-तीन दिवसांसाठी येणाऱ्यांनाही मी हेच सुचवेन. सिटी बस शेजारूनच सुटत असल्यामुळे रिक्षाचा खर्च वाचतो.

पहिल्या दिवशी एक चूक झाली. टिळकवाडीतील एका घराच्या मध्यस्थाने दुसरे गिऱ्हाईक वाट पाहत असल्याचे सांगितले आणि आम्ही पावती न घेता त्याला हजार रुपये आगाऊ दिले. संध्याकाळी कळले की ती खोली आधीच दिलेली होती. पैसे परत मिळाले नाहीत. घरमालकाची भेट झाल्याशिवाय आणि लेखी पावती हातात आल्याशिवाय कोणीही एक रुपयासुद्धा देऊ नये.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही गल्ल्यांतून पायी फिरलो. मराठी पाट्यांइतक्याच कानडी पाट्याही दिसतात. ‘मने बाडिगेगे इदे’ म्हणजे घर भाड्याने देणे आहे. कानडी अक्षरे ओळखीची नसतील, तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात विचारावे. आम्हाला तीन पत्ते तिथूनच मिळाले. शहापूर, वडगाव, खासबाग या विणकरांच्या वस्तीत भाडे तुलनेने कमी सांगितले गेले आणि माणसेही मनमोकळी भेटली. पण वडगावात पाहिलेल्या एका खोलीच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग होता. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो बंद होता. रात्री आठनंतर पुन्हा गेलो तेव्हा टेबलावरचा पाण्याचा पेला थरथरत होता. अभ्यास करणाऱ्या मुलीसाठी ती खोली घेणे शक्य नव्हते, आणि एकाच भेटीत व्यवहार ठरवला असता तर हे कळलेही नसते.

अनगोळात मात्र घराच्या मावशींनी दारातच सांगितले, “पावणं, आधी पाणी बघा, मग भाड्याचं बोलू.” शहरातील काही वॉर्डांत चोवीस तास पाणी येते, तर काही ठिकाणी दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा येते, म्हणून नळाचा दिवस, टाकीचा आकार आणि विहीर किंवा बोअरची सोय हे तिन्ही विचारावे. बेळगावच्या पावसात भिंतीला हात लावून ओल पाहणेही आवश्यक आहे, विशेषतः पलंगामागची आणि कपाटामागची. विजेचेही स्पष्ट बोलून घ्यावे. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेतील मोफत विजेची मर्यादा महिन्याला 200 युनिट आहे. ती ओलांडली तर पूर्ण बिल येते, त्यामुळे चार भाडेकरूंत एकच मीटर असेल तर तो खर्च कोण भरणार हे करारात लिहून घ्यावे.

विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ खानापूर रस्त्यावर मच्छे येथे आहे, तर राणी चन्नम्मा विद्यापीठ कोल्हापूरच्या दिशेला महामार्गालगत भूतरामनहट्टी येथे आहे. नुसते ‘विद्यापीठाजवळ’ असे ऐकून खोली ठरवली, तर रोज सगळे शहर ओलांडावे लागेल. वैद्यकीय विद्यार्थ्यांना नेहरूनगर आणि सदाशिवनगर सोयीचे आहे, पण भाडे जास्त आहे. सीमेपलीकडून येणाऱ्या मुलींना अंतराचा विचार अधिकच करावा लागतो, कारण 11 जून 2023 पासून सुरू असलेला शक्ती योजनेतील मोफत बसप्रवास कर्नाटकातील रहिवासी महिलांसाठीच आहे. आमच्या भाचीला तो मिळणार नव्हता. म्हणून पायी जाता येईल अशी अनगोळातील खोली तीनशे रुपये जास्त देऊनही आम्ही घेतली. जेवणासाठी त्याच गल्लीतला घरगुती डबा ठरवला. अकरा महिन्यांच्या करारात डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल, हेही मावशींसमोर बसून लिहून घेतले.

फक्त पाहुणे म्हणून येणाऱ्यांनी डिसेंबर टाळावा किंवा आधी नोंदणी करावी, कारण सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरले की लॉज भरून जातात. 1 नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सव आणि सीमाभागातील मराठी भाषिकांचा काळा दिवस) आसपास सीमेवरील बस कधी कधी बंद होतात, तेव्हा निघण्यापूर्वी आगारात चौकशी करावी.