भराव पायथ्याशी उघडा पडतो
आज दिवसभर गोल्फ कोर्सच्या भरावाचं काम बघताना पुन्हा जाणवलं, खोटेपणा माथ्यावर नाही, पायथ्याशी दिसतो. उंचवटा कितीही देखणा असो, मूळ जमिनीला टेकतो तिथे उतारात ठळक मोड राहिला की संपलं. उतार लांबवर पसरवत न्यायचा. भराव कुठे संपला ते कळताच कामा नये. तीनास एकपेक्षा (तीन फूट आडवं, एक फूट उभं) उभ्या उतारावर गवत कापायचा साधा मोअर चालवणं धोक्याचं. फेअरवेला, म्हणजे खेळाच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याला, निदान २ टक्के उतार हवा, नाहीतर पाणी साचतं. वरची सुपीक माती आधी काढून वेगळी ठेवा, शेवटी परत पसरा. ती भरावाखाली गाडली गेली तर गवत नीट धरतच नाही.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचं व्हिसलिंग स्ट्रेट्स हे गोल्फ कोर्स बघा. सपाट, पूर्वीच्या लष्करी जागेवर कोर्सचे रचनाकार पीट डाय यांनी ट्रकच्या ट्रक वाळू आणून टेकड्या उभारल्या. १९९८ला कोर्स खुला झाला. २०१०च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये शेवटच्या होलवर गोल्फपटू डस्टिन जॉन्सनने प्रेक्षकांनी तुडवलेल्या वाळूत क्लब टेकवला. तो बंकर आहे, म्हणजे फटक्याआधी क्लब टेकवायचा नसतो असा वाळूचा खड्डा, हे त्याच्या लक्षातच आलं नाही. दोन फटक्यांचा दंड बसला, बरोबरी सोडवणारा प्लेऑफ हुकला. मला त्याच्याबद्दल आजही वाईट वाटतं.