ब्रिजचा खटका

बेस गिटारची जोडणी मी शक्यतो दुसऱ्याच्या हाती सोडत नाही, आणि म्हणूनच त्या साउंड चेकमधली चूक अजून मनातून जात नाही.

वादकाचा स्वतःचा प्रीअँप (गिटारचा सूर घडवणारा पहिला टप्पा) होता, रॅकमध्ये स्पीकर चालवणारा आमचा दोन चॅनेलांचा पॉवर अँप होता आणि मंचावर तीन कॅबिनेट, म्हणजे स्पीकरच्या पेट्या, होती: चार 10 इंची स्पीकरांची 8 ओहमची दोन आणि 15 इंची स्पीकरचे 4 ओहमचे एक. मी पोहोचण्यापूर्वीच सहायकाने अँप ब्रिज मोडवर, म्हणजे दोन चॅनेल जोडून एकच ताकदवान चॅनेल करणाऱ्या मोडवर, टाकून तिन्ही कॅबिनेट साखळीने जोडली होती. ही साखळी डोळ्यांना एकामागोमाग एक दिसते, परंतु कॅबिनेटच्या मागची सॉकेट आतून समांतर जोडलेली असतात. ओहम जितके कमी, तितका अँपवर ताण जास्त. त्यामुळे एकूण भार 2 ओहमवर उतरला होता, आणि ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला त्याच्याही निम्मा, म्हणजे 1 ओहमच दिसतो. ब्रिजसाठी किमान 4 ओहम हवेत, असे अँपच्या पाठीवर छापलेले होते. पण छापलेले वाचण्याची सवय आमच्या धंद्यात फारशी कोणाला नाही. पहिल्याच जोरदार सुराला प्रोटेक्टचा, म्हणजे अँपने स्वतःला वाचवण्याचा, दिवा लागला. त्यातच एका कॅबिनेटला स्पीकर केबलऐवजी गिटारची बारीक, जाळीची केबल लावलेली आढळली आणि मी सहायकाला सर्वांदेखत बोललो.

अँप बंद करून मी 8 ओहमची दोन कॅबिनेट पहिल्या चॅनेलवर आणि 4 ओहमचे दुसऱ्यावर घेतले. दोन्हीकडे नेमका 4 ओहमचा भार! या समतोलावर मी मनातून खूश होतो.

वादकाने चार सूर वाजवले आणि म्हणाला, "दादा, आवाज पोकळ येतोय." बोटांचा खरखराट स्वच्छ ऐकू येत होता, पण सर्वांत जाड तारेचा 41 हर्ट्‌झचा सूर जणू कोणी गिळून टाकला होता. एखाद्या कॅबिनेटची पोलॅरिटी, म्हणजे अधिक-उणे जोडणी, उलटी असणार, असे मी ठरवून टाकले. प्रत्येक कॅबिनेटच्या केबलला 9 व्होल्टची बॅटरी क्षणभर लावून जाळीतून टॉर्चने पाहिले; तिन्हींचे पडदे बाहेरच आले. मग केबली तपासल्या, प्रीअँपचा इक्वलायझर सपाट केला, आणि तोवर अर्धा तास गेला.

शेवटी दुसऱ्या चॅनेलचे कॅबिनेट सहज काढले, तर खर्ज वाढला. एक कॅबिनेट कमी झाल्यावर खर्ज वाढतो, याचा अर्थ उरलेली कॅबिनेट आणि ते एकमेकांना खात होती. मी रॅकच्या मागे वाकलो. मोडचा खटका ब्रिजवरच होता. ब्रिजमध्ये दुसरे चॅनेल पहिल्याचाच सिग्नल उलटा करून सोडते. तारा मी बदलल्या होत्या, खटका नाही. अँप बंद करून तो पॅरलल मोडवर, जिथे दोन्ही चॅनेल तोच सिग्नल सरळ सोडतात, आणला आणि पुढच्या सुराला मंचाच्या फळ्या थरथरल्या.

"काय झालं होतं?" वादकाने विचारले. "जोडणीत गडबड होती," मी म्हणालो. ते खोटे नव्हते. सहायक तिथेच केबल गुंडाळत उभा होता, आणि गडबड त्याचीच असणार असे समजून वादकाने त्याच्याकडे पाहिले. त्याने मान खाली घातली, आणि मी काहीच बोललो नाही.