पत्रीची जुडी आणि खारी

गणेश चतुर्थीला दवाखाना बंद असतो, फोन मात्र चालू ठेवते. गेल्या वर्षी मोदकांची उकड काढत होते आणि फोन वाजला. "डॉक्टर, खारीने बाप्पाची पत्री खाल्ली. तोंडातून सारखी लाळ गळतेय."

खारी म्हणजे तपकिरी-पांढऱ्या रंगाची गिनीपिग. नखं कापायला येते, त्यामुळे ओळखीची.

मी पहिला प्रश्न विचारला, "जुडीत कण्हेर होती का?" त्यांना सांगता येईना. कोणालाच येत नाही. मंडईत पत्री म्हणून जी जुडी मिळते, तिच्यात काय काय बांधलंय हे घेणारा बघत नाही आणि विकणारा सांगत नाही. एकवीस पत्रींच्या यादीत दूर्वा, तुळस, बेल, आघाडा यांच्या पंगतीला कण्हेर, धोत्रा आणि रुईसुद्धा आहेत. देवाला वाहायला काहीच हरकत नाही, पण कण्हेरीच्या पानातलं विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं. पाऊण-एक किलोच्या प्राण्याला थोडंसं पानही जड जाऊ शकतं. त्यात गिनीपिगला उलटी करता येत नाही. कुत्र्याला वेळेत आणलं तर निदान उलटी करवता येते, इथे तोही रस्ता बंद.

"घरी काही पाजू नका. उरलेली जुडी, पिंजऱ्यातला कचरा, खाली सांडलेलं पान न् पान पिशवीत घाला आणि तसंच या," म्हणाले. उकड जाऊबाईंच्या हवाली केली.

अर्ध्या तासात आई, आजी आणि नऊ-दहा वर्षांचा मुलगा दवाखान्यात हजर. मुलगा नव्या झब्ब्यात, रडून डोळे सुजलेले. खारीच्या हनुवटीखालचे केस चिंब झाले होते आणि ती पुढच्या पंजांनी सारखं तोंड पुसत होती. आधी स्टेथोस्कोप लावला. गिनीपिगचं हृदय मिनिटाला अडीचशे-तीनशे ठोके सहज टाकतं. तिथे ठोके मोजण्यापेक्षा लय ऐकायची, मध्येच एखादा ठोका गळतोय का ते बघायचं. बराच वेळ ऐकलं. लय सरळ होती. तोंडात उजेड टाकून पाहिलं तर जिभेचं टोक आणि ओठांची आतली बाजू लालबुंद, सुजलेली.

एवढ्यावरून कण्हेर नाहीच असं म्हणता येत नव्हतं. म्हणून पिशवी मोठ्या ट्रेमध्ये उलटी केली आणि एकेक पान वेगळं करायला बसले. गिनीपिगचे पुढचे दात कात्रीसारखे चालतात. पानाची कड स्वच्छ कापलेली दिसते, हाताने तोडल्यासारखी फाटत नाही. दूर्वांची जवळजवळ सगळी पाती गेली होती, आघाड्याचे शेंडे गायब होते. रुईचं पान जाड, कुठेही दात नाही, चीकही आलेला नाही. धोत्र्याला तिने हुंगूनच सोडलं असावं.

कण्हेरीची एक डहाळी निघालीच. कण्हेरीची पानं बहुधा तीन-तीनच्या जोडणीत येतात, एका पेऱ्याला तीन. म्हणजे कुठलं पान गेलंय हे मोजता येतं. वरचे सगळे पेरे भरलेले होते, सगळ्यात खालच्या पेऱ्याला दोनच पानं. भिंग लावून बघितलं. तिसऱ्या पानाची जागा सुकून तपकिरी पडली होती. ते पान जुडी बांधायच्या आधीच कधीतरी गळलेलं. माझा श्वास तिथे थोडा मोकळा झाला.

मग लाळ कशाची? ट्रेच्या तळाशी फिकट हिरव्या, दोऱ्यासारख्या साली उरल्या होत्या, चावलेल्या. मला पटकन ओळखता येईनात. पत्रीत असं काही नसतं. आजींनी चष्मा लावला, एक साल उचलली आणि म्हणाल्या, "अगं बाई! ही तर माझ्या अळूची देठं. उद्याच्या ऋषीच्या भाजीसाठी सोलत बसले होते."

"तूच म्हणालीस ना आजी, साली टाकून ये," मुलगा पुटपुटला. त्याने टाकल्या होत्या. पिंजऱ्यात.

अळूच्या पानात आणि देठात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. अळू चिरताना आजी हाताला तेल का लावतात आणि फदफद्यात चिंच का घालतात, ते या खाजेपायीच. शिजवलेलं आपण खातो, कच्च्याचे स्फटिक मात्र जीभ-ओठांत रुततात. सूज घशापर्यंत गेली तर श्वास अडकू शकतो, म्हणून तिला लगेच घरी सोडलं नाही. तोंड तिरपं धरून पाण्याने धुतलं, वेदना आणि सूज उतरायला औषध टोचलं, कातडीखाली सलाइन दिलं. गिळायला जमतंय असं दिसल्यावर सिरिंजने भिजवलेल्या गवताच्या पुडीचं पातळ खाणं थेंबथेंब भरवायला घेतलं. गिनीपिग अर्धा दिवस उपाशी राहिला तरी आतडी मंदावतात, आणि मग मूळ आजारापेक्षा तेच निस्तरावं लागतं.

तेवढ्या वेळात आजींशी गप्पा रंगल्या. "बाप्पाचा उंदीर तर काहीही खातो हो. हिचेच एवढे नखरे?" उंदराचं बरं आहे, तो सी जीवनसत्त्व स्वतःच्या अंगात तयार करतो. गिनीपिगला ते जमत नाही, आपल्यालाही नाही. 1907 मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश या दोघांनी गिनीपिगांना नुसत्या धान्यावर ठेवलं आणि त्यांना खलाशांसारखा स्कर्व्ही झाला, म्हणजे सी कमी पडल्याने होणारा आजार. स्कर्व्हीचा शोध पुढे सरकला तो या प्राण्यामुळे. माझ्याकडे आजही अशी पिल्लं येतात. "पाय धरत नाही, पडलं असेल" म्हणून आणतात, आणि घरी चालू असतं काकडी आणि सशांचं खाद्य. काकडीत पाणीच फार आणि सशाच्या खाद्यात सी घालायची गरज नसते, कारण ससाही ते स्वतः बनवतो. बाटलीतल्या पाण्यात थेंब टाकणं हा दुसरा लाडका उपाय. पाण्यात ते सी फार वेळ टिकत नाही.

"मग द्यायचं तरी काय?" आजींचा रास्त प्रश्न.

गवत. दूर्वा म्हणजेच हरळी, सुकं गवत, दिवसभर आणि पोटभर. दात जन्मभर वाढत राहतात, ते गवत चघळूनच झिजतात. पालेभाजी ही पानातली कोशिंबीर समजा. रोज कोथिंबिरीच्या चार-पाच काड्या आणि ढोबळी मिरचीचा एक तुकडा, लाल मिळाली तर उत्तम, की सीची काळजी मिटली. शेपू, पुदिना, मेथी, मुळ्याचा पाला आलटून पालटून, थोडा थोडा. कोबीने पोट फुगतं, तेव्हा एखादं पान पुरे. कांद्याची पात, टोमॅटोचा आणि बटाट्याचा पाला अजिबात नाही.

पालकावर आजी अडल्या. "पालक तर डॉक्टरच सांगतात!" माणसांचे सांगतात. गिनीपिगचं शरीर जास्तीचं कॅल्शियम लघवीतून बाहेर टाकतं, त्याचेच पुढे खडे होतात. पालक आणि माठात कॅल्शियम आहे, वर ऑक्झलेटही. महिन्यातून कधीतरी चिमूटभराने काही होत नाही, पण "लोह मिळतं" म्हणून रोज जुडी घालणाऱ्यांच्या घरचे खडे मी एक्स-रेवर पाहते. लघवी करताना ही गिनीपिगं चिवचिवतात, ते ऐकवत नाही. चुका आणि चाकवतही त्याच रांगेत. लसूणघास कोवळ्या पिल्लांना आणि गाभण मादीला चालतो, मोठ्यांना त्यातलं कॅल्शियम नडतं.

"बाप्पाला चालतं मग खारीला का नाही?" मुलाने इतक्या वेळाने तोंड उघडलं. मी म्हटलं, "बाप्पा पत्री खात नाही रे, नुसता वास घेतो." आजींना हे फारसं आवडलं नाही.

दुपारी सूज उतरली. खारीने ट्रेमधली दूर्वांची एक काडी स्वतःहून ओढली, मग दुसरी. तेव्हा घरी पाठवलं. रात्रीपर्यंत सिरिंजने भरवत राहा, लेंड्या मोजा आणि आठवडाभर रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा, असं बजावलं.

ऋषिपंचमीला सकाळीच आजींचा फोन. खारी नीट खातेय, लेंड्या ठीक. आता भाजीसाठी आणलेला लाल माठ उरलाय, त्यातली दोन पानं दिली तर?

"दोन चालतील. आणि देठं तुम्ही स्वतः कचऱ्यात टाका."